लँटचा रोल: पस्तीस फुटांची अंत्ययात्रा, आणि ती नीट बघायची कशी

सर फिलिप सिडनीच्या अंत्ययात्रेचं जे चित्रपुस्तक आहे ना, ज्याला सगळे लँटचा रोल म्हणतात, त्याच्याबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. हे रिव्ह्यू थोडं लांबणारे कारण यात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे पुस्तक स्वतः, आणि दुसरं म्हणजे ते आपल्यासारख्यांनी वडोदऱ्यात बसून कसं बघायचं, कारण मूळ प्रती जगात मोजक्याच उरल्यात आणि त्या मोठमोठ्या लायब्ररीत कुलपात आहेत. पण स्कॅन नेटवर फुकट मिळतात, आणि ते नुसते स्क्रीनवर एकेक पान पुढे ढकलत बघितले तर या पुस्तकाची निम्मी मजा जाते असं माझं ठाम मत आहे.

आधी हे काय आहे ते सांगते. १५८७ मध्ये लंडनमध्ये एका तरुण सरदाराची अंत्ययात्रा निघाली. त्याच्याच पदरी असलेल्या टॉमस लँट नावाच्या माणसाने ती सगळी रेखाटली, कोण कुठे चाललं, कुणाच्या हातात काय होतं, कुणी काय घातलं होतं. मग थिओडोर द ब्री याने ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरलं. तीसेक प्लेट्स आहेत, सगळ्या जोडल्या की पस्तीस फुटांच्या पुढे जाणारी एक लांबलचक पट्टी होते, उंचीला मात्र जेमतेम वीतभर. त्यात साडेतीनशेच्या आसपास माणसं आहेत, प्रत्यक्ष यात्रेत सातशेच्या घरात होती म्हणतात. वर आणि खाली लॅटिन आणि इंग्रजी मजकूर, आणि महत्त्वाच्या माणसांची नावं तिथेच कोरलेली.

द ब्री हे नाव फाइन आर्ट्सवाल्यांनी ऐकलेलं असेल. नंतर फ्रँकफर्टला जाऊन त्याने अमेरिकेच्या प्रवासवर्णनांची ती प्रचंड सचित्र मालिका काढली आणि त्याच्या मुलांनी पूर्वेकडच्या देशांची काढली, ज्यात गोव्याचीसुद्धा चित्रं आहेत, लिन्सखोटेन नावाच्या डच प्रवाशाच्या पुस्तकावरून घेतलेली. म्हणजे ज्या घराण्याने चारशे वर्षांपूर्वी युरोपला गोव्याचा बाजार दाखवला, त्याच घराण्याच्या हातचं हे काम आहे, आणि त्या मोठ्या मालिकेच्या आधीचं. मी इथे एम. एस. युनिव्हर्सिटीत ग्राफिक्स शिकले तेव्हा ब्युरिनने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, तांबं कोरायचा थोडा सराव केलाय, त्यामुळे मला माहितीये की एक वळणाची रेघ कोरताना मनगट नाही, खालची प्लेट फिरवायची असते, आणि एकदा गेलेली रेघ मागे घेता येत नाही. त्या नजरेने हे बघितलं की थक्क व्हायला होतं.

आता हा सिडनी कोण. १५५४ चा जन्म, कवी, दरबारी, राणी एलिझाबेथच्या लाडक्या सरदाराचा, लेस्टरचा, भाचा, आणि राणीचं हेरखातं सांभाळणाऱ्या वॉल्सिंगहॅमचा जावई. हॉलंडमध्ये स्पेनविरुद्ध लढायला गेला, २२ सप्टेंबर १५८६ ला झुटफेनजवळच्या चकमकीत मांडीत गोळी लागली. त्या दिवशी त्याने मांडीचं चिलखत काढून ठेवलं होतं असं सांगतात, सोबतच्या एका सरदाराने घातलं नव्हतं म्हणून. जखम चिघळली आणि १७ ऑक्टोबरला आर्नहेममध्ये तो गेला, वय एकतीस, बत्तिसावं चालू. स्वतःसाठी आणलेलं पाणी त्याने शेजारच्या मरणाऱ्या शिपायाला दिलं ही गोष्ट इंग्लंडमध्ये पोराटोरांना माहीत असते, ती त्याच्या मित्राने, फल्क ग्रेव्हिलने, बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवली.

पण मला जास्त लागली ती पुढची गोष्ट. बॉडी जहाजाने लंडनला आली नोव्हेंबरच्या सुरुवातीला. एका प्लेटवर ते जहाज आहे, शिडं काळी, दोरखंड काळे, सगळं जहाजच सुतकात. आणि मग बॉडी लंडनच्या मिनोरीज भागात पडून राहिली, थेट १६ फेब्रुवारी १५८७ पर्यंत. तीन महिन्यांच्या वर! कारण मागे कर्ज एवढं होतं की सासरा हैराण झाला होता, शेवटी त्यानेच पदरमोड करून हा सगळा थाट केला. आणि अजून एक, त्याच्या बरोबर आठ दिवस आधी, ८ फेब्रुवारीला, स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला होता. लोकांचं लक्ष तिकडून वळवायला ही यात्रा त्या मुहूर्तावर काढली असं काही जण म्हणतात. खरंखोटं इतिहासवाले ठरवतील पण तारखा शेजारी ठेवल्या की मनात येतंच.

बरं आता मुख्य मुद्दा, म्हणजे चित्रं. मला विचाराल तर या पुस्तकाचा नायक सिडनी नाहीच, क्रम हा नायक आहे. कोण कुणाच्या पुढे, कोण कुणाच्या मागे, कोण चालत, कोण घोड्यावर. सुरुवातीला बत्तीस गरीब माणसं, त्याच्या वयाच्या वर्षाला एक, लांब काळे झगे घालून. मग त्याच्या पायदळाचे अधिकारी, ड्रम आणि बासऱ्या हळू वाजवत चाललेत असं तिथे लिहिलंय, निशाण उभं नाही, खाली ओढत नेलेलं. मग घोडदळवाले, कर्णेवाले, मग त्याच्या घरचे लोक, नोकरचाकर, अगदी डॉक्टर आणि सर्जनसुद्धा. आपल्याकडे बडोद्याच्या जुन्या सवारीच्या गोष्टी घरात ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल, की निशाण कुठे, हत्ती कुठे, मानकरी कोणत्या बाजूला यावरून भांडणं व्हायची, जागा म्हणजेच माणसाची किंमत. इथेही तेच, फक्त हे सगळं ठरवणारं एक अख्खं खातं होतं, हेरल्ड लोकांचं, म्हणजे सरदारांची कुलचिन्हं आणि मानाचा क्रम बघणाऱ्या अधिकाऱ्यांचं. लँटसुद्धा पुढे जाऊन हेरल्ड झाला, आणि ते चित्रात दिसतं, त्याला भावनेपेक्षा कोण कुठे उभं होतं याची जास्त काळजी आहे, आणि त्यामुळेच मला हे पुस्तक जास्त खरं वाटतं.

दोन घोडे आहेत ते नीट थांबून बघा. पहिला रणांगणाचा घोडा, एक माणूस लगाम धरून नेतोय, वर एक पोरगा बसलाय, पेज, आणि त्याच्या हातात मोडका भाला आहे जो तो जमिनीवरून फरफटत नेतोय. मागे दुसरा घोडा झूल घातलेला, त्याच्यावर पण पोरगा, हातात परशू पण पातं खाली. मेलेल्या माणसाचं हत्यार उलटं धरायचं, बस एवढंच दाखवलंय, पण मी स्कॅन झूम करून बघितलं तेव्हा भाल्याचं ते तुटलेलं टोक आणि घोड्याचा पाय यांच्यामधली जी बारीकशी मोकळी जागा सोडलीये, तिथून नजर हलेना. त्या एवढ्याशा कोऱ्या कागदामुळे भाला खरंच ओढला जातोय असं वाटतं.

आणि मग हेरल्ड येतात, एकाच्या हातात घोड्याला टोचायच्या त्या टाचेच्या आऱ्या, दुसऱ्याकडे हातमोजे, तिसऱ्याकडे शिरस्त्राण, चौथ्याकडे ढाल, पाचव्याकडे त्याचा कुलचिन्हाचा अंगरखा. म्हणजे माणूस पेटीत, आणि त्याच्या आधी त्याचं सगळं अंग तुकड्यातुकड्याने रस्त्यावरून चाललंय, पाय, हात, डोकं, छाती. हे मला कुठल्याही वर्णनात वाचून कळलं नसतं, चित्रात ओळीने बघितल्यावर एकदम अंगावर आलं.

शवपेटी चौदा जण वाहतायत, वर मखमलीचं आच्छादन, आणि त्या आच्छादनाची चार टोकं धरायला चार जवळची माणसं, त्यात तो ग्रेव्हिल आणि एडवर्ड डायर हे दोघे कवी मित्र. खांदा दुसऱ्यांनी दिला आणि पदर मित्रांनी धरला असं समजा. मागे धाकटा भाऊ रॉबर्ट, मुख्य शोककर्ता. मग लेस्टर वगैरे अर्ल घोड्यांवर, मग हॉलंडचे प्रतिनिधी, मग लंडनचा मेयर, मग ग्रोसर्स कंपनीचे एकशेवीस लोक. ही कंपनी म्हणजे मूळची मिरीवाल्यांची पेढी, सिडनी त्यांचा मानद सभासद होता. आपल्या मलबारची मिरी विकून गब्बर झालेले व्यापारी त्या यात्रेत दोन-दोनच्या रांगेने चाललेत हे बघताना मला फार मजा वाटली. सगळ्यात शेवटी शहरातले हत्यारबंद नागरिक, तीनशेच्या आसपास, तीन-तीनच्या ओळीत, भाले आणि बंदुका उलट्या.

आता कारागिरीबद्दल बोलते कारण त्याशिवाय हे रिव्ह्यू अर्धवट राहील. या यात्रेत जवळजवळ प्रत्येकाने काळं घातलंय. साडेतीनशे माणसं काळ्या झग्यात, आणि एन्ग्रेव्हिंगमध्ये तुमच्याकडे काळा रंग नसतोच, असतात फक्त रेघा. सगळं भरून टाकलं तर डाग होईल, माणूस माणसापासून वेगळा दिसणार नाही. द ब्रीने काय केलंय तर प्रत्येक झग्याच्या घडीप्रमाणे रेघांची दिशा बदललीये, एकाच्या उभ्या, शेजाऱ्याच्या तिरक्या, सावलीत आडव्यांवर उभ्या चढवलेल्या, आणि कडेला एक बारीक पांढरी फट. त्यामुळे गर्दी असूनही प्रत्येक जण सुटा दिसतो. जे प्रिंटमेकिंग शिकतायत त्यांनी फक्त ह्या झग्यांसाठी हे बघावं. कमी काय ते पण सांगते, मधल्या भागात, जिथे नोकरचाकर आणि जेंटलमन लोकांच्या रांगा येतात, तिथे चेहरे साचेबंद होतात, तोच तोच दाढीवाला परत परत येतोय असं वाटतं, आणि घोडे मला तरी थोडे लाकडी वाटले. पण पुढच्या गरिबांच्या रांगेत आणि शवपेटीच्या आसपास परत जीव ओतलाय.

हे सगळं मी पहिल्यांदा लॅपटॉपवर बघितलं आणि समाधान होईना. एक प्लेट बघायची, नेक्स्ट दाबायचं, दुसरी बघायची, तेवढ्यात चालणारी माणसं थांबतात. मग जॉन ऑब्रीची आठवण वाचली. हा सतराव्या शतकातला इंग्रज, लोकांची छोटी छोटी चरित्रं लिहिणारा, तो सांगतो की नऊ वर्षांचा असताना ग्लॉस्टरमध्ये एका नगरशेठाच्या घरी त्याने हा रोल बघितला, सगळे कागद एकाला एक चिकटवून दोन खुंट्यांवर गुंडाळलेले, एक खुंटी फिरवली की सगळी माणसं ओळीने चालायला लागायची. म्हातारपणी लिहितो की जणू काल बघितलंय. म्हणजे हे पुस्तक कुणीतरी असंही बघायचं! पानं उलटून नाही, फिरवून. मग मी ठरवलं की आपण पण तसंच करायचं.

त्यासाठी स्कॅनच्या इमेजेस डाउनलोड करून एका सलग फाइलमध्ये जोडल्या. हे काम किचकट आहे कारण स्कॅन बहुतेक पुस्तकासारख्या बांधलेल्या प्रतीचे असतात, मधल्या शिवणीपाशी कागद वाकलेला, तिथे एखाद्याचा अर्धा पाय किंवा भाल्याचं टोक सावलीत जातं, आणि प्रत्येक प्लेटचा उजेड वेगळा. प्लेटच्या कडेचा जो दाबाचा ठसा असतो तो कापू नका, तो राहू द्या, तिथूनच कळतं की एक पत्रा संपला आणि दुसरा लागला. मग प्रिंट. एका दुकानात दिलं तर त्याने मला न विचारता फिट टू पेज करून सगळं आखूड केलं आणि शिवाय खालचा मजकूर मार्जिनमध्ये कापला, नावंच गेली सगळ्यांची, आणि पैसे पूर्ण घेतले. इतका राग आला! नावं हेच तर त्या माणसांचं सगळं आहे. नंतर रावपुऱ्याजवळ आर्किटेक्ट लोकांचे ड्रॉइंग जिथे प्लॉटरवर काढून देतात तिथे गेले, त्या मुलाने चहा पाजला, रोलचा कागद लावला, आणि पूर्ण पट्टी एका दमात बाहेर काढली. कागद जरा क्रीम रंगाचा मॅट मागा, ग्लॉसीवर त्या रेघा चमकतात आणि काळं मरून जातं. सुताराकडून दोन गोल दांडे आणि एक साधी चौकट करून घेतली, वर एक छोटं हँडल. एवढंच.

आणि खरंच माणसं चालायला लागतात. हळू फिरवलं की ड्रमवाले येतात, जातात, मग निशाण, मग तो मोडका भाला. जोरात फिरवलं तर नुसती काळी धांदल. आपोआप हात सावकाश होतो, त्यांच्या चालीला येतो, हे मला सगळ्यात आवडलं.

दांडियाबाजारातल्या आमच्या आत्यांना दाखवायला घेऊन गेले. नव्वदीला टेकल्यात, पण नजर तल्लख. त्यांच्या आई सांगायच्या म्हणे, १९३९ मध्ये सयाजीराव महाराज गेले तेव्हा घराघरात चूल पेटली नव्हती. आत्यांनी चष्मा सारखा करून पूर्ण पट्टी शेवटपर्यंत फिरवून घेतली, मध्ये एक शब्द नाही, आणि मग म्हणाल्या, "अगं पण ह्यात बाई कुठाय? एवढे सगळे आले, बायको नाही का आली त्याची?"

परत पहिल्यापासून बघितलं. खरंच, एक बाई दिसली नाही. नियमच तसा होता, पुरुषाच्या अशा सरकारी थाटाच्या यात्रेत शोक करणारे पुरुष, बाईच्या यात्रेत बायका. त्याची बायको फ्रान्सेस, गरोदर असताना हॉलंडला जाऊन तिने त्याची शेवटची शुश्रूषा केली होती, घरात वर्षाची मुलगी होती. बहीण मेरी, जिच्यासाठी त्याने लिहिलं आणि जिने पुढे त्याचं सगळं लिखाण सांभाळून छापून आणलं. दोघीही नाहीत. मी आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "हं. आपल्यात तरी कुठे नेतात गं बायकांना स्मशानात. घरी बसून ऐकायचं, गेली का यात्रा चौकातून." तेव्हापासून मी हे पुस्तक दाखवताना न आलेल्या दोघींची नावं पण सांगते. लँटने जे समोर होतं ते इमानदारीने काढलं, पण बघणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट जी कळल्यावर या पुस्तकाची किंमत माझ्यासाठी वाढली. सिडनीला जुन्या सेंट पॉल्समध्ये पुरलं, पण त्याचं धड स्मारक कधी झालंच नाही, आणि १६६६ च्या लंडनच्या आगीत ते अख्खं चर्चच जळालं. थडगं गेलं. आपल्याकडे गायकवाडांचं कीर्तिमंदिर उभं आहे, आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, जाऊन डोकं टेकवता येतं. या माणसाचं तसं काही नाही, त्या दिवसाचं जे काही उरलंय ते ह्या वीतभर उंचीच्या कागदात. एका नोकराने मालकासाठी केलेलं काम, आणि ते दगडापेक्षा जास्त टिकलं. लँटने स्वतःचं छोटं पोर्ट्रेटही त्यात घातलंय आणि तो त्याचा हक्कच आहे.

कुणी घ्यावं, म्हणजे बघावं? प्रिंटमेकिंग आणि इलस्ट्रेशनवाल्यांनी तर डोळे झाकून. कॉश्च्युम, चिलखत, घोड्यांची सामग्री याच्यात रस असणाऱ्यांनी पण. ज्यांना फक्त सिडनीच्या कविता आवडतात त्यांना कदाचित कंटाळा येईल कारण यात कवितेचं काही नाही. इंग्रजी मजकूर जुन्या स्पेलिंगमधला आहे, सुरुवातीला अडतं, पण मोठ्याने वाचलं की कळायला लागतं. लॅटिन सोडून दिलं तरी चालतं. लहान मुलांना दाखवायला हरकत नाही, आमच्या वरच्या मजल्यावरची पोरं तर हँडल फिरवायला भांडतात, आणि त्यांना मेलेला माणूस वगैरेची भीती नाही वाटत, त्यांचा प्रश्न एवढाच की घोड्यावरचा मुलगा कितवीत असेल.

मूळ प्रत कधी लिलावात आलीच तर ती आपल्या खिशाबाहेरची, तो विचार सोडा. रंगीत केलेले तुकडे फ्रेम करून विकणारे असतात त्यांच्या नादी लागू नका, एक प्लेट भिंतीवर लावून काही उपयोग नाही, आगेमागे कोण आहे तेच निघून जातं. आपल्या इथल्या एखाद्या लायब्ररीने नाहीतर फाइन आर्ट्सच्या डिपार्टमेंटनेच असा एक फिरता रोल करून ठेवावा, खर्च खरंच फार नाही, आणि पोरांना स्लाइडवर दाखवण्यापेक्षा कितीतरी बरं.

कुणाला करून घ्यायचं असेल तर प्लॉटरवाल्याला आधीच सांगा, शंभर टक्के साइज, फिट टू पेज नाही, आणि वर-खाली दोन बोटं कोरी जागा सोड, म्हणजे नावं कापली जाणार नाहीत. जोडलेली फाइल माझ्याकडे आहे, पेन ड्राइव्ह घेऊन या.